दुर्गम कोणाला म्हणायचे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात डॉक्टरांची वानवा आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु ती नेमकी कोठे, किती व कोणत्या स्वरूपाची आहे, हे सांगणारी, कायद्याचा आधार असलेली मोजणी आपल्याकडे नाही. आरोग्य खात्याचा कारभार इतर खात्यांनी इतर कारणांसाठी दिलेल्या विशेषणांवर चालतो. त्या विशेषणांचे दिवस आता भरत आल्याने हा प्रश्न तातडीचा झाला आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातील एका आदिवासी दांपत्याने आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन पायी गाव गाठल्याचे चित्रण साऱ्या राज्याने पाहिले. मुले तापाने आजारी होती. आधी पुजाऱ्याकडे व नंतर आरोग्य केंद्रात असा त्यांचा प्रवास झाला आणि परतताना वेळेत रुग्णवाहिका मिळाली नाही, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद होते. विरोधी पक्षांनी टीका केली, प्रशासनाने खुलासे केले आणि काही दिवसांत विषय मागे पडला. एक गोष्ट मात्र त्या गदारोळात कोणी फारशी विचारात घेतली नाही. ज्या केंद्रापर्यंत ते आईवडील पोहोचले, ते अस्तित्वात होते. म्हणजे कागदोपत्री तो परिसर आरोग्यसेवेच्या कक्षेतच होता. शासकीय कागद आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांतील हे अंतर केवळ एखाद्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणातून निर्माण होत नाही. कोणता प्रदेश वंचित मानायचा, याची व्याख्याच सदोष असेल तर ते अंतर दरवर्षी नव्याने निर्माण होत राहते.

विशेषणांची रेलचेल

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, बारा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १० लाख ७२ हजार लोकसंख्या, असा हा विस्तार आहे. जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असून लोकसंख्येचा ३८ टक्क्यांहून अधिक हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे. गडचिरोली शहरापासून दक्षिण टोकाचे सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. ज्याच्यापासून हा जिल्हा वेगळा झाला, त्या चंद्रपूरची लोकसंख्या त्याच जनगणनेत २२ लाख होती. तेथे कोळसा खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र व बल्लारपूरचा कागद कारखाना आहे, आणि माणिकगडच्या डोंगरावरील जिवतीसारखा कोलाम वस्त्यांचा तालुकाही आहे.

या प्रदेशाला शासकीय विशेषणांची कधीच कमतरता नव्हती. पाचव्या अनुसूचीनुसार दोन्ही जिल्ह्यांतील काही भाग अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासी उपयोजना क्षेत्राची यादी वेगळी, नक्षलग्रस्त क्षेत्राची वेगळी. २०१८ च्या जानेवारीत निती आयोगाने गडचिरोलीचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांपैकी तो एक. परंतु यांतील प्रत्येक विशेषणामागचा हेतू निराळा आहे. पहिले जमिनीचे व स्वशासनाचे हक्क सांगते, दुसरे विकासनिधीचे वाटप ठरविते, तिसरे सुरक्षेची स्थिती दर्शविते, तर चौथे अनेक निर्देशांकांची सरासरी काढते. आजारी माणसाला डॉक्टरपर्यंत पोहोचण्यास किती तास लागतात आणि पोहोचल्यावर डॉक्टर भेटतो काय, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळणारे लाभ मात्र याच विशेषणांना जोडलेले आहेत. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांना वरच्या पदाची वेतनश्रेणी, म्हणजे प्रचलित भाषेत 'एकस्तर', देण्याची तरतूद केली. हेतू चांगला होता. परंतु हा लाभ लिपिकाला, शिक्षकाला व डॉक्टरला एकाच न्यायाने मिळतो. शिवाय विशेषण संपूर्ण जिल्ह्याला लागू झाले की जिल्हा मुख्यालयात काम करणारा आणि भामरागडला काम करणारा समान पातळीवर येतो. लाभ सारखाच असेल तर कोणीही मुख्यालयच निवडणार. दुर्गम भागासाठी दिलेला पैसा अशा रीतीने जिल्ह्यातील तुलनेने सुगम ठिकाणीच खर्ची पडतो.

वीस हजारांचे गणित

दुसरा दोष निकषांत आहे. देशभर रूढ असलेल्या प्रमाणानुसार सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. आदिवासी व डोंगराळ भागात ही मर्यादा २० हजारांवर आणली आहे. उपकेंद्रासाठी हे आकडे अनुक्रमे पाच हजार व तीन हजार आहेत. वरवर पाहता ही आदिवासी भागाला दिलेली सवलत वाटते. थोडा हिशेब केल्यावर चित्र पालटते.

२०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती. या घनतेने ३० हजार लोक सुमारे ८२ चौरस किलोमीटरांत राहतात. गडचिरोलीची घनता होती ७४. तेथे २० हजार लोक सुमारे २७० चौरस किलोमीटरांत पसरलेले असतात. म्हणजे 'सवलतीच्या' निकषानेही गडचिरोलीतील एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला राज्याच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक भूभाग येतो. ८२ चौरस किलोमीटरांमागे एक केंद्र द्यायचे ठरविले तर गडचिरोलीत साधारण सहा हजार लोकांमागे ते द्यावे लागेल. हा हिशेब जिल्ह्याच्या सरासरीचा आहे. चामोर्शी वा देसाईगंजच्या तुलनेत भामरागड, एटापल्ली यांसारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यांत स्थिती याहून कठीण असणार, हे उघड आहे.

त्यात पावसाळ्याची भर पडते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी वर्षानुवर्षे छापून येत राहिली. नेमका हाच काळ मलेरियाचा व सर्पदंशाचा असतो, आणि राज्यातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो. उन्हाळ्यात तासाभराचा असलेला रस्ता जुलैत दिवसभराचा होत असेल तर ते अंतर किलोमीटरांत मोजून काय उपयोग? केंद्र सरकारने निवडक डोंगराळ राज्यांतील व वाळवंटी भागांतील जिल्ह्यांसाठी वस्तीपासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर उपकेंद्र असावे, असा वेळेवर आधारलेला निकष मान्य केला. लोकसंख्या हाच एकमेव आधार असू शकत नाही, याची ही कबुलीच होय. दंडकारण्यातील नद्यानाल्यांच्या प्रदेशाला हाच न्याय का लावू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

भरलेले पद, रिकामी खुर्ची

उणीव मोजण्याची आपली प्रचलित पद्धत म्हणजे मंजूर पदे व रिक्त पदे यांची वजाबाकी. २०२१-२२ च्या केंद्रीय ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, ज्यांना महाराष्ट्रात आपण ग्रामीण रुग्णालये म्हणून ओळखतो, तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव गरजेच्या ७९.५ टक्के होती. हा आकडा धक्कादायक आहे. तथापि तोही पूर्ण सत्य सांगत नाही. मंजूर पदांची संख्या मुळात वर सांगितलेल्या निकषांवरून ठरते. निकषच अपुरा असेल तर सर्व पदे भरूनही गरज भागत नाही. उलट एखादे पद भरलेले दिसते, पण त्यावरील डॉक्टर प्रतिनियुक्तीवर अन्यत्र असतो, प्रशिक्षणाला गेलेला असतो किंवा पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात गुंतलेला असतो. कंत्राटी नेमणूक संपून नवी होईपर्यंतचे रिकामे महिने वार्षिक तक्त्यात दिसत नाहीत.

तज्ज्ञांच्या बाबतीत तर वजाबाकी आणखी फसवी ठरते. शस्त्रक्रियेने प्रसूती करायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय व बालरोगतज्ज्ञ हे सारे एकाच वेळी एकाच ठिकाणी हवेत. चारांपैकी तीन उपलब्ध असतील तर तक्ता ७५ टक्के पूर्तता दाखवील; अडलेल्या बाईच्या दृष्टीने ती पूर्तता शून्य असते. भूलतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकही काही काळाने कंटाळून बदली मागतो, कारण त्याच्या कौशल्याला तेथे कामच उरत नाही.

मोजणीचा एक परदेशी नमुना

अमेरिकेत ही मोजणी कशी होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे १९७० मध्ये कायद्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा दल स्थापन झाले आणि त्यातील डॉक्टर कोठे पाठवायचे, हे ठरविण्यासाठी १९७० च्या दशकातच आरोग्य व्यावसायिकांच्या टंचाईची क्षेत्रे अधिकृतपणे घोषित करण्याची पद्धत रूढ झाली. सर्वसाधारणपणे साडेतीन हजार लोकांमागे प्राथमिक उपचार करणारा एकही पूर्णवेळ डॉक्टर नसेल तर ते क्षेत्र टंचाईचे मानले जाते. गरज विशेष तीव्र असेल तर ही मर्यादा तीन हजारांवर येते. क्षेत्र म्हणून संपूर्ण परगणाच घ्यावा लागतो असे नाही; त्याचा एखादा भाग, एखादा लोकसमूह किंवा एखादी संस्थाही टंचाईग्रस्त ठरू शकते. त्यानंतर डॉक्टरांचे प्रमाण, दारिद्र्य, अर्भकांच्या आरोग्याची स्थिती आणि जवळच्या उपचार केंद्रापर्यंतच्या प्रवासाचा वेळ यांवरून शून्य ते २५ असे गुण दिले जातात. शैक्षणिक कर्जफेडीचे साहाय्य आणि वृद्धांच्या विमा योजनेतील दहा टक्के वाढीव मोबदला यांसारखे लाभ या घोषणेशी जोडलेले आहेत.

या पद्धतीचा भारताशी असलेला संबंध तर अनेक मराठी घरांना परिचित आहे. अमेरिकेत उच्च वैद्यकीय प्रशिक्षणासाठी ठराविक व्हिसावर गेलेल्या परदेशी डॉक्टरने दोन वर्षे मायदेशी परतावे, असा तेथील नियम आहे. १९९४ पासूनच्या एका तरतुदीने, अशा टंचाईच्या भागात तीन वर्षे सेवा देणाऱ्याला या अटीतून सूट मिळू लागली. प्रत्येक राज्याला वर्षाला वीस सवलती होत्या, त्या २००२ मध्ये तीस झाल्या. याचा अर्थ असा, की भारतातील करदात्यांच्या पैशावर शिकलेला डॉक्टर अमेरिकेच्या अंतर्भागातील एखाद्या गावाची उणीव भरून काढतो, कारण त्या देशाने ती उणीव गाव-परगण्यांच्या पातळीवर मोजून ठेवलेली आहे.

अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. अर्धशतकानंतरही कोट्यवधी अमेरिकी नागरिक टंचाईच्या क्षेत्रांत राहतात आणि बंधनाची मुदत संपताच अनेक डॉक्टर शहरांकडे वळतात. नुसत्या घोषणेने डॉक्टर येत नाही. परंतु घोषणेमुळे उणीव लपविता येत नाही आणि कोणाला आधी द्यायचे, हा वाद आकड्यांवर होतो.

गुणांची वाट

भारतात असा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत दुर्गम वा अवघड क्षेत्रात सेवा केलेल्या शासकीय डॉक्टरांना प्रवेश परीक्षेतील गुणांच्या दहा टक्के दरवर्षी, कमाल तीस टक्क्यांपर्यंत, अधिभार देण्याची तरतूद आली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. एमडीची जागा हेच ज्याचे ध्येय आहे, अशा तरुण डॉक्टरसाठी याहून मोठे आमिष नाही. परंतु दुर्गम कोणाला म्हणायचे, हे ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले आणि २०१८ च्या दुरुस्तीने दुर्गम व अवघड यांच्या जोडीला 'ग्रामीण' हा शब्दही आला. ज्या क्षणी महामार्गालगतचे गाव आणि अबुजमाडच्या सीमेवरील गाव एकाच पंक्तीत बसू शकते, त्या क्षणी दुसऱ्या गावाचा लाभ संपतो. डॉक्टर तोच राहतो, गुणही तेच मिळतात; फक्त तो महामार्गालगत थांबतो.

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडने २००९-१० च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय दलाची योजना आखताना अवघड, अति अवघड व अगम्य अशी प्रतवारी केली आणि प्रतवारीनुसार वाढता मोबदला ठेवला. त्याआधी २००१ मध्ये त्या राज्याने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला होता. तो वादात सापडून बंद पडला, तरी त्यातून बाहेर पडलेल्यांना आरोग्य केंद्रांत ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून नेमले गेले. या प्रयोगांतील उणिवा मान्य करूनही, एकाच राज्यातील सर्व दुर्गम गावे सारखी नसतात, हे तत्त्व त्या राज्याने कारभारात उतरविले, हे महत्त्वाचे.

जंगलाने दिलेले धडे

या विषयात महाराष्ट्राला बाहेरच पाहावे लागते असेही नाही. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ज्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घालविले, तो बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू केला. त्या परिसरातील आदिवासींसाठी हे रुग्णालय दीर्घकाळ मोठा आधार राहिले आहे. परंतु शासकीय रिक्त पदांच्या तक्त्यात अशा संस्थेला स्थान नसते. परिणामी, जेथे कोणीच नाही आणि जेथे स्वयंसेवी संस्था आहे, ते दोन्ही भाग शासनाच्या लेखी सारखेच रिकामे दिसतात.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने दोन गोष्टी सप्रमाण दाखविल्या. पहिली, गरज दिसत नाही म्हणजे ती नसते असे नाही. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गडचिरोलीतील दोन गावांच्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, तर त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ आठ टक्के होत्या. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीवरून डॉक्टरांची गरज ठरविणाऱ्यांना हे आकडे कधीच दिसले नसते. दुसरी, सर्व कामांसाठी डॉक्टरच लागतो असे नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी दिलेल्या सेवेमुळे नवजात बालकांच्या मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे दिसले. पुढे २०११ मध्ये केंद्राने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

या यशाचा एक सोयीस्कर अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. आशाताई आहे, मग डॉक्टर नसला तरी चालेल, असे यातून निघत नाही. कोणते काम गावात होऊ शकते, कोणते आरोग्य केंद्रात आणि कोणत्यासाठी अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय वा गडचिरोली गाठावेच लागते, याची विभागणी करून प्रत्येक पायरीवरील उणीव स्वतंत्रपणे मोजावी, असे मात्र निघते.

महाविद्यालय आले, पुढे काय?

चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत गडचिरोलीचाही समावेश होता. ही स्वागतार्ह बाब आहे. दोन्ही जिल्हा मुख्यालयांत तज्ज्ञांची संख्या त्यामुळे वाढेल. परंतु मुख्यालयातील वाढीने जिल्ह्याची सरासरी सुधारते आणि सरासरी सुधारली की दूरच्या तालुक्यांची उणीव अधिकच झाकली जाते, हा धोका ध्यानात ठेवायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशींत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात प्रवेश देण्यावर भर आहे, कारण असे विद्यार्थी ग्रामीण भागात टिकण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्राने ७०:३० हे प्रादेशिक प्रवेशसूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. त्यामागे विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर होणाऱ्या अन्यायाचे कारण होते व ते रास्तही होते. परंतु त्यानंतर गडचिरोलीच्या महाविद्यालयात गडचिरोलीचा विद्यार्थी असेलच, याची खात्री देणारी कोणती व्यवस्था उभी राहिली? टंचाईचे क्षेत्र अधिकृतपणे निश्चित असते, तर त्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, सेवेच्या अटीसह, काही जागा राखण्याचा विचार तरी करता आला असता.

यादीतून नाव गेल्यावर

हा सारा विचार आताच करण्याचे कारण सुरक्षेच्या बदललेल्या परिस्थितीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्याच महिन्यात केंद्राच्या सर्वाधिक नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत केवळ छत्तीसगडचे तीन जिल्हे उरले आणि गडचिरोलीचे नाव त्यातून गेले. चार दशकांच्या रक्तपातानंतर आलेली ही वार्ता समाधानाचीच आहे. परंतु 'नक्षलग्रस्त' हे विशेषण आज ना उद्या पूर्णपणे मागे घेतले जाईल, तेव्हा त्याच्याशी जोडलेले लाभ कशाच्या आधारे चालू ठेवणार? बंदुका थांबल्या तरी आजारी माणसापासून डॉक्टरपर्यंतची वाट तेवढीच लांब राहणार आहे. आरोग्याची यादी सुरक्षेच्या यादीवर टांगून ठेवल्याचा हा परिणाम होय.

उपाय खर्चिक नाही. जिल्हा वा तालुका नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे कार्यक्षेत्र हे एकक मानावे. तेथे प्रत्यक्ष हजर असणारे शासकीय, खासगी व स्वयंसेवी संस्थांचे डॉक्टर, पावसाळ्यातील प्रवासाचा वेळ, बालमृत्यू व मातामृत्यू, मलेरिया व सिकलसेलचा भार यांवरून दरवर्षी गुणांकन करून ते जाहीर करावे. एकस्तर वेतन, पदव्युत्तर प्रवेशातील अधिभार, बंधपत्रित डॉक्टरांच्या नेमणुका व तज्ज्ञांचे वाढीव मानधन या गुणांकनाशी जोडावे, जेणेकरून सर्वांत दूरच्या केंद्राला सर्वांत मोठा लाभ मिळेल. आणि हजेरीची पडताळणी ग्रामसभेकडे द्यावी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपले जंगल सांभाळून दाखविले. जी ग्रामसभा जंगलाचा हिशेब ठेवू शकते, ती डॉक्टर महिन्यातून किती दिवस होता, हेही सांगू शकेल.

असे गुणांकन झाले तर आजवर 'दुर्गम' म्हणून लाभ घेणारी काही ठिकाणे यादीतून गळतील आणि त्यावर ओरड होईल. ती सहन करण्याची तयारी शासनाने ठेवली पाहिजे. सर्वांनाच दुर्गम ठरविण्याचा मार्ग राजकीयदृष्ट्या सोपा आहे, पण त्याची किंमत गेली अनेक वर्षे भामरागड, एटापल्ली व जिवतीचे रहिवासी मोजत आले आहेत.